धाकल्याचा पीर

मागच्या महिन्यात आमच्या नव्या गावठाणातला एक पोरगा वारूळवाडीला माझ्या घरी आला. शिकलेला, बोलायला गोड. धरणाच्या काठाला, जिथून आमच्या बुडालेल्या गावाची जागा समोर दिसते, तिथं त्यांना पिराच्या माहितीचा फलक लावायचा आहे. "आजी, बाबा कोणत्या शतकातले? पूर्ण नाव काय? कुठल्या घराण्यातले?" मोबाइल माझ्या तोंडापुढं धरून त्यानं सरबत्ती सुरू केली. मी म्हटलं, "अरे, आधी चहा तर घे." चहा झाला, पोहे झाले, पुन्हा मोबाइल पुढं. मला शतक माहीत नव्हतं, नाव माहीत नव्हतं, घराण्याचा तर पत्ताच नव्हता. जे माहीत होतं ते सांगायला गेले आणि माझा आवाजच फुटेना. पोरगा बिचारा घाबरला, पाण्याचा तांब्या पुढं केला, म्हणाला, "राहू द्या आजी, मी परत येतो." तो गेला आणि मी स्वतःवरच चिडले. एवढं आयुष्य गेलं, नातवंडं शाळेत जायला लागली, आणि मला अजून ती गोष्ट सरळ सांगता येत नाही म्हणजे काय! म्हणून लिहायला बसले आहे. फलकावर हे मावणार नाही, पण त्याला माझा इलाज नाही.

आमचं गाव शिनोलीच्या वरच्या अंगाला, घोड नदीच्या काठावर होतं. गावाच्या खालच्या टोकाला, भातखाचरं संपून नदीचा उतार सुरू होतो तिथं पिराची जागा. घुमट नाही, मिनार नाही, डोक्यावर छप्परसुद्धा नाही. कमरेएवढा दगडी गडगा, आत चौथऱ्यावर बाबाची मोठी कबर आणि तिच्या पायाशी, जमिनीवरच दगड रचून केलेली, एक एवढीशी कबर. शेजारी चाफा. गुरुवारी तिथं ऊद जळायचा आणि त्याचा वास खाचरांवरून आमच्या पडवीपर्यंत यायचा. त्या लहान कबरीत जो होता त्याला सगळं गाव धाकला म्हणायचं, आणि त्याच्यावरूनच बाबाला नाव पडलं होतं, धाकल्याचा पीर. बाबाचं खरं नाव कुणी विचारलं नाही. आम्हाला कधी गरजच पडली नाही.

माझ्या आईला आम्ही बय म्हणायचो. बय हिरडा वाळत घालताना किंवा तांदूळ पाखडताना बाबाची गोष्ट सांगायची. बाबा जुन्नरकडून आला, खाली कोकणात उतरायचं होतं, बरोबर लहान पोर. नदीला पाणी होतं म्हणून आमच्या गावात थांबला आणि पोराला ताप भरला. गावानं काढे दिले, रात्रंदिवस शेकलं, पण पोर गेलं. अजून दुधाचे दातही पडले नव्हते त्याचे. बाबानं त्याला नदीच्या उतारावर पुरलं आणि शेजारी बसला. गावाला वाटलं, पाणी ओसरलं की जाईल. पाणी ओसरलं, भात निसवलं, कापणी झाली, बाबा बसलेलाच. आमच्या घरातल्या कुणा पूर्वजानं थंडीत त्याला घोंगडी नेऊन दिली, म्हणून उरुसाला संदल उगाळायचा मान आमच्या घराला. पुढं बाया आजारी पोरं घेऊन त्याच्याकडं जायला लागल्या. तो मंत्र म्हणायचा नाही, ताईत द्यायचा नाही, पोराच्या कपाळावर हात ठेवून नुसता बसून राहायचा. "त्याचं गेलं व्हतं ना," बय म्हणायची, "मंग त्याला दुसऱ्याची कळ कळायची."

इमामचाचा मुजावर होते. जागेची झाडलोट, दिवाबत्ती, उरूस, सगळं पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घराकडं. त्यांची गोष्ट वेगळी. बाबा थोर अवलिया, त्यांच्या गुरूंनी त्यांना मुद्दाम या खोऱ्यात पाठवलं, आणि धाकला हा त्यांचा मुलगा नव्हेच, शागीर्द. यावरून त्यांची आणि बयची कायमची जुंपलेली. "वहिनी, तुमी आमच्या बाबाला पार संसारी करून टाकलं," ते हसत म्हणायचे. बय सुपाला टिचकी मारून म्हणायची, "मंग काय भावजी? संसारी नसता तर आपल्या ह्या चिखलात कशाला बसून ऱ्हायला आसता?" खरं कोण सांगत होतं मला माहीत नाही. जाणकारांना चाचांचीच गोष्ट पटेल. मला बयची पटते, आणि का पटते ते पुढं कळेलच.

माझ्या पाठीवर बयला मुलं झाली ती जगली नाहीत. मग तिनं धाकल्याच्या पिराला नवस बोलला आणि माझा भाऊ जन्मला. नाव ठेवलं पिराजी, आम्ही म्हणायचो पिऱ्या. नवसाच्या पोराचं जावळ काढताना उजव्या कानामागं एक बट राखायची, ती पिराची. पहिला दुधाचा दात पडला की येणाऱ्या उरुसाला मुजावराच्या हातानं ती बट उतरवायची. कारण गावात अशी समजूत, की दात पडेस्तोवर पोर धाकल्याच्या वाट्याचं, त्याचा खेळगडी. दात पडला की बट धाकल्यापाशी ठेवायची आणि पोर आपलं म्हणून घरी आणायचं. तोवर दर उरुसाला त्यानं हिरवी कफनी घालून फकीर व्हायचं आणि पाच घरी कोरडं पीठ मागायचं. पिऱ्याला या सगळ्याचा भलता तोरा. एरवी नाक गळणारं, चड्डी सावरत फिरणारं पोरगं, कफनी अंगात गेली की ताठ मानेनं दारात उभं राहून ओरडायचं, "धाकल्याच्या नावानं!" आणि त्याच्या आजीच्या वयाच्या बाया त्याच्या पाया पडायच्या.

उरूस होळीनंतर, चैत्राच्या उन्हात. घोडेगावच्या शेठांच्या दुकानातून गलेफाचं, म्हणजे कबरीवरच्या चादरीचं, कापड यायचं. शेठ जैन, त्यांचं कूळ मारवाडातलं, पण घोडेगावात इतकं मुरलेलं की बोलणं आमच्यासारखंच. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दुकानात पाऊल टाकलं की शेठ न विचारता हिरव्या साटिनचा तागा खाली ओढायचे. उरुसाच्या दिवशी बय सकाळपासून सहाणेवर चंदन उगाळत बसायची, त्याची घरघर आणि वास घरभर. पितळी वाटीतलं ते संदल चाफ्याच्या फुलांनी झाकून इमामचाचा डोक्यावर घ्यायचे. पुढं ढोल-ताशा, मग निशाण, मग आमचा फकीर. पाच घरांच्या पिठाच्या चपात्या लाटायच्या, ऊन ऊनच कुस्करायच्या, गूळ, तूप, खोबरं, बडीशेप घालून मलिदा करायचा. बाबाला आणि धाकल्याला दाखवून झाला की उरलेला आमचा. त्या मलिद्यावरून पिऱ्या आणि मी दरवर्षी हातघाईवर यायचो. "हिला जास्ती दिला," "ह्यानं खोबरं वेचून खाल्लं," अशी बोंबाबोंब. बय दोन द्रोण भरायची, मान वरही न करता म्हणायची, "भांडू नगा रं दोघं. दोघांना पुरंल." अजून कुठं तूपगुळाचा वास आला की मला ते वाक्य ऐकू येतं.

मग धरण आलं. म्हणजे ते बरीच वर्षं येतंय येतंय असं ऐकत होतो, पण त्या साली खरंच आलं. पुढच्या पावसाळ्यात पाणी अडवणार, त्याआधी गाव हलवायचं. नवं गावठाण वर माळावर आखलं होतं, चुन्याच्या फक्कीनं. लोकांच्या आधी देव हलले. मारुतीची मूर्ती गुरवानं मंत्र म्हणून बैलगाडीत बसवली, भैरोबाही गेला. माणसं रडत होती, पण देव बरोबर येतात याचा आधारही वाटत होता. मग मारुतीच्या रिकाम्या पारावर बैठक बसली, पिराचं काय करायचं?

इमामचाचा उभे राहिले. ते म्हणाले, "मारुतीराया देव हाय. तुमी न्याल तिथं येईल. बाबा माणूस हाय. मातीत निजलेल्या माणसाला उठवत न्हाईत. आन बाबा हितं बसला त्यो पोरासाठी बसला. त्याला आता कोन्त्या तोंडानं चल म्हणू?" जन्मभर शागीर्द शागीर्द म्हणणारा माणूस त्या दिवशी पोरगा म्हणाला. पण बयचं तिकडं लक्षच नव्हतं. बायका बैठकीत बोलायच्या नाहीत, मागं भिंतीला टेकून उभ्या राहायच्या. तिथूनच ती कडाडली, "मंग माझ्या पोराची बट मी कुठं उतरू? पाण्यात?"

त्या वर्षी आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. बट उतरली नाही तर पोर कायमचं धाकल्याच्या वाट्याचं राहील, ही धास्ती बयच्या काळजात बसली होती. ती रोज इमामचाचांच्या दारात. रडली, भांडली, अबोला धरला, त्यांच्या घरची साखर परत पाठवली. शेवटी चाचा नमले. उरूस झाला की दोन्ही कबरींवरची मूठ मूठ माती तांब्याच्या कलशात घ्यायची, वाजतगाजत नव्या गावात न्यायची आणि तिथं जागा करायची असं ठरलं. बट पुढच्या साली तिथं उतरेल. "बाबाच्या मनात नसंल," चाचा आबांना म्हणाले, "पर वहिनीचं बघवत न्हाई." आणखी एक तोड त्यांनी काढून पाहिली. "वहिनी, ह्याच उरुसाला बट उतरू. दात पडंल तवा पडंल. बाबा काय तोंड उघडून बघतोय व्हय?" बय ऐकेना. "धाकल्याच्या वाट्याचं त्याच्या हातातनं हिसकून घ्यू? मला न्हाई जमायचं. सरळ दिल्यालं सरळ घ्यायचं."

आता सगळं त्या एका दातावर येऊन ठेपलं. उरुसाच्या आत पडला तर मातीचा कलशही नको, काही नको, बाबा आपल्या जागी सुखात आणि पोर आपल्या घरी. रोज सकाळी बय पिऱ्याला उजेडाला बसवायची, "आऽ कर" म्हणायची आणि खालचा पुढचा दात बोटानं चाचपायची. मी त्याला भाजलेले हरभरे चारायची, ऊस सोलायला लावायची. आबा एरवी असल्या गोष्टीत पडत नसत, तेही कामावरून आले की विचारायचे, "हालला का?" गावात तर पिऱ्याची वरातच. नदीवर, गिरणीवर, जो भेटेल तो म्हणायचा, "दाव रं पिऱ्या," आणि हा भर रस्त्यात जबडा फाकायचा. उगाच हसत होतो आम्ही. दात मात्र खुंटीसारखा घट्ट.

शेवटचा उरूस झाला. असा उरूस मी पुन्हा पाहिला नाही. ढोलवाल्यांनासुद्धा रडू येत होतं. फातिहा झाल्यावर इमामचाचांनी ताटात कात्री ठेवली आणि बयकडं पाहिलं. तिनं मान हलवली. त्यांनी ताट फडक्यानं झाकून बाजूला ठेवलं. पिऱ्या कफनीच्या बाहीनं तोंड पुसत मलिदा खात होता. आज त्याच्याकडं पाहावंसं वाटतं तेव्हा मला तोच आठवतो, गालाला गूळ लागलेला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याला ताप भरला. आधी वाटलं ऊन लागलं. बयनं कांद्याचा रस चोळला, पिराच्या चौथऱ्यावर त्याचं कपाळ टेकवून आणलं. ताप उतरेना, पोर बडबडायला लागलं, तेव्हा आबा म्हणाले, उद्या पहिल्या गाडीनं घोडेगाव. सकाळची एसटी मिळाली. आबा पुढं उभे होते, बय खिडकीला पिऱ्याला मांडीवर घेऊन, मी शेजारी पिशवी धरून. शिनोलीच्या अलीकडं त्याचा माझ्या गुडघ्यावरचा हात घसरला. मी म्हटलं, "बय, पिऱ्या झोपला." बय त्याच्या तोंडाकडं बघत होती. म्हणाली, "व्हय. झोपलाय." आणि पदरानं त्याचं कपाळ पुसत राहिली. बाहेर करवंदीच्या जाळ्या मागं पळत होत्या. घोडेगावचा स्टँड आला, माणसं उतरली, आबा खाली उभे राहून हाका मारायला लागले. बय उठेना. कंडक्टर म्हणाला, "मावशी, घोडेगाव आलं, उतरा." ती म्हणाली, "भाऊ, ह्याच गाडीनं माघारी जायचंय." आबा वर आले, त्यांनी पिऱ्याच्या गालाला हात लावला आणि मटकन समोरच्या सीटवर बसले. कंडक्टर चांगला माणूस होता. परतीच्या वाटेवर त्यानं आमच्याकडं तिकीट मागितलं नाही आणि शेजारी कुणाला बसू दिलं नाही.

ओसरीवर भावकी जमली. अग्नी द्यायचा की माती, हा प्रश्न आला. आबांचे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, भावकीत तेच थोरले. त्यांनी खाली मान घालून विचारलं, "दुधाचे दात पडलेत का?" आमच्यात दात न पडलेल्या पोराला माती देतात. बयनं पिऱ्याची हनुवटी धरली, रोजच्यासारखं बोट आत घातलं आणि थांबली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "सुमे, हालतोय गं."

मी तेव्हा ओरडले की नाही ते मला आठवत नाही. इतके दिवस जे ऐकायला सगळं घर टपून बसलं होतं, ते मी तेव्हा ऐकलं. माझे मास्तर सासरे नेहमी म्हणायचे की दुःख शब्दांत मांडलं की हलकं होतं. मी आत्ता मांडलं, आणि काहीही हलकं झालेलं नाही.

दात पडला नव्हता, म्हणून माती. कुठं द्यायची? नदीकाठची नेहमीची जागा होती, पण इमामचाचा दारातून म्हणाले, "बाबाच्या पायाशी जागा हाय." तात्या कुरकुरले, "आपलं पोर तिकडं?" आबा एवढंच बोलले, "त्यो पिराचाच व्हता." धाकल्याच्या शेजारी, चाफ्याच्या बाजूला खड्डा केला. खाली ठेवायच्या आधी बय म्हणाली, "भावजी, आता उतरवा." चाचांनी उरुसाचीच कात्री आणली. बट त्यांच्यानं एकदम कापली जाईना. ती त्यांनी धाकल्याच्या कबरीवर ठेवली, वर दगड ठेवला. मग पिऱ्याच्या मातीवर त्यांनी एकट्यानं दगड रचले, कुणाला हात लावू दिला नाही. उशाला तसाच, पायाला तसाच, धाकल्याला होते तसेच. उद्या कुणी म्हणायला नको की हे पोर इथलं नाही, आणि कुणी उकरायला नको, म्हणून.

माती न्यायचा दिवस उजाडला तेव्हा गावात भिंती उरल्या होत्या, वासे आणि कौलं माळावर गेली होती. वाजंत्री आली, तांब्याचा कलश आला. आम्ही जाऊन पाहतो तर बय आधीच गडग्याच्या आत. दोन्ही लहान कबरींच्या मध्ये बसलेली, एक हात हिच्यावर, एक हात तिच्यावर. ती म्हणाली, "कलश माघारी न्या." तरण्या पोरांना राग आला. "काकी, तुमीच तर गाव डोक्यावर घेतलं व्हतं! नव्या गावाला पीर नको व्हय?" इमामचाचा पुढं येऊन बसले. "वहिनी, तुमच्यासाठीच तर मी हो म्हणलो."

"मी म्हणले व्हते," बय म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, सांगावं तसं सांगत होती. "आता मीच न्हाई म्हणते. मारुती गेला, भैरोबा गेला. तुमी समदी जाणार, मी बी जाणार, मला आबा ठिवनार न्हाईत हितं. हितं पाणी येनार. माझं लेकरू कुणाजवळ ऱ्हाईल? त्याला अंधाराचं लई भ्याव वाटतं. बाबा तरी ऱ्हाऊ द्या. त्याला म्हायती हाय लेकराजवळ बसायचं."

वाजंत्रीवाल्यानं सनई खाली ठेवली. तात्यांनी, आदल्या वेळी कुरकुरलेल्या तात्यांनी, डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला. इमामचाचांनी कलश उपडा ठेवला आणि तिथंच बसून फातिहा म्हटली. म्हणून आमच्या नव्या गावठाणात मारुती आहे, भैरोबा आहे, पीर नाही. त्या मोबाइलवाल्या पोराला मी हे सांगणार होते. त्याला वाटत असेल, धरणात एक जुनं ठिकाण गेलं. आमच्या गावानं एक माणूस तिथं मागं ठेवला आहे, पोरांपाशी.

पाणी चढलं तेव्हा आबा रोज बघायला जायचे. बय विचारायची नाही. इमामचाचा जुन्नरला लेकाकडं राहायला गेले, पण उरुसाला एसटीनं यायचे. बय संदल उगाळायची, दोघं काठावर जायचे आणि वाटी पाण्यात सोडायचे. माझं लग्न झालं, मी वारूळवाडीची झाले. माझ्या नातवानं परवा विचारलं, "आजी, आपला पीर कसा काय गं?" मी म्हटलं, माझा भाऊ त्याच्याकडं आहे म्हणून. तो हसला. त्याला वाटलं मी थट्टा करते.

एका उन्हाळ्यात धरण फार आटलं. बरीच वर्षं लोटली होती, आबा नव्हते, बयचे केस पांढरे झाले होते. निरोप आला की गाव उघडं पडलंय. मी जीप घेऊन गेले. बयनं हातानं शिवलेला एक छोटा हिरवा गलेफ घेतला होता, पिऱ्याच्या मापाचा, आणि डब्यात मलिदा. काठीला धरून इमामचाचाही आले, त्यांना आता डोळ्यांनी जेमतेम दिसत होतं. आम्ही जन्मभर तिथं गावाकडून उतरत गेलो होतो. आता धरणाच्या बाजूनं, भेगाळलेल्या गाळातून चाललो. गडगा नव्हता, चाफा नव्हता. मोठा चौथरा ढासळून दगडांचा ढीग झाला होता. त्याच्या जवळ, गाळातून वर आलेले दगडांचे दोन लहान उंचवटे.

बय उभी राहिली. या बाजूनं गेली, त्या बाजूनं गेली, उन्हाला हात धरून नदी कुठं, घर कुठं ते शोधत राहिली. मलाही सांगता येईना. शेवटी ती म्हणाली, "भावजी, आपला कंचा?"

इमामचाचा गुडघ्यावर बसले. दोन्ही उंचवट्यांवरचे दगड हातांनी चाचपत राहिले, पुन्हा पुन्हा. मग त्यांनी मान वर केली. डोळ्यांतून पाणी गळत होतं. "वहिनी, मीच सारखे रचले व्हते," ते म्हणाले. "मलाच वळखू येईना."

बयनं गलेफाच्या कडेला दात लावला आणि तो मधोमध फाडला. एक तुकडा इकडं पसरला, एक तिकडं, वाऱ्यानं उडू नये म्हणून कोपऱ्यांवर दगड ठेवले. डबा उघडला, दोन द्रोण काढले, मलिदा सारखा सारखा भरला आणि दोन्हीकडं ठेवला. पदरानं हात पुसला. "भांडू नगा रं दोघं," ती म्हणाली.